तिसरा होख

चर्चमधून आल्यापासून ओटीलीच्या डोक्यावरचं चांदीच्या पानांचं कडं कानामागे टोचत होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या बाईनं दिवसभर ते मिरवायचं, ही पद्धत कुणा पुरुषानंच काढली असणार याबद्दल तिला आता शंका उरली नव्हती. नवऱ्याच्या वाट्याला कोटाला लावायचा एवढासा चांदीचा गुच्छ, आणि तोही त्यानं जेवताना काढून मोहरीच्या भांड्याशेजारी ठेवून दिला होता.

गावातली मंडळी दुपारीच येऊन, कौतुक करून, खसखशीचे दोन केक फस्त करून गेली होती. आता घरचीच माणसं उरली होती: ती, तिचा नवरा गॉटहोल्ड, तिचा भाऊ थिओडोर आणि नणंद अडेलहाइड. मुलगा एबरहार्ड चारच्या गाडीनं यायचा होता. भांडायला एवढी माणसं पुरेशी होती.

"पत्र मी लिहूनच आणलंय," थिओडोरनं कॉफीचा पेला बाजूला सारून कागद पुढे केला. "भावोजी, फक्त सही करा. एकच ओळ आहे. 'बावीस मार्चच्या मेजवानीत प्रकृती ठीक नसल्यामुळे माझ्याकडून तिसरा होख राहून गेला.' संपलं. यात कुणाचं नाक कापलं जातंय?"

"माझं," गॉटहोल्ड म्हणाला आणि त्यानं केकचा आणखी एक तुकडा घेतला.

"नाक राहील हो, खुर्ची जाईल त्याचं काय?"

"खुर्चीची भाषा तुझ्या साखर कारखान्यात कर, थिओडोर," अडेलहाइड म्हणाली. "माझा भाऊ खुर्चीसाठी जन्माला आलेला नाही."

"वन्सं, तुमचा भाऊ त्या खुर्चीत बारा वर्षं बसलाय," ओटीली म्हणाली. "आणि कुणी बळजबरीनं बसवलेला नव्हता."

प्रकरण सगळं त्या बावीस मार्चचं होतं. राजाच्या वाढदिवशी आल्टरोडेच्या नगरसभागृहात दरवर्षी मेजवानी असते. नगराध्यक्षानं उठायचं, पेला उंचावायचा आणि राजाच्या नावानं तीनदा 'होख' म्हणून जयजयकार करायचा. प्रत्येक वेळी सगळ्या सभागृहानं गळा ताणून साथ द्यायची. तीनदा म्हणजे तीनदाच. प्रशियातल्या शेंबड्या पोराला झोपेतून उठवलं तरी ते तीन होख म्हणूनच पुन्हा झोपेल. आणि या वर्षी नगराध्यक्ष गॉटहोल्ड क्रेचमार, बर्लिनच्या विधिमंडळात प्रगती पक्षाच्या बाकावर बसणारे, लष्कराच्या वाढीव खर्चाविरुद्ध सर्वांदेखत मत देणारे, उठले, एकदा होख म्हणाले, दुसऱ्यांदा म्हणाले, आणि खाली बसले.

दोनशे माणसं तिसरा होख घशात धरून उभी राहिली. जिल्हाधिकाऱ्यांचा पेला तसाच हवेत. वाजंत्रीवाल्यांपैकी एकानं चुकून तुतारी फुंकली आणि मधेच सोडून दिली. आठवड्याभरात बर्लिनच्या वर्तमानपत्रांत छापून आलं की, राजाचं सरकार राज्यघटना अर्धवट पाळतं म्हणून आल्टरोडेच्या धीट नगराध्यक्षानं जयजयकारही अर्धवटच केला. 'दोन होखांचा माणूस' असं त्याचं नाव पडलं. बिअरच्या दुकानांतून लोक दोनच होख म्हणायला लागले आणि दुसऱ्यानंतर एकमेकांकडे बघून हसायला लागले.

सरकारला मात्र हसू आलं नाही. नगरसभेनं जानेवारीतच गॉटहोल्डला पुढल्या बारा वर्षांसाठी निवडून दिलं होतं, पण वरून मंजुरी आल्याशिवाय त्या निवडणुकीला अर्थ नव्हता, आणि मंजुरी अडकून पडली. शुक्रवारी जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र आलं. माणूस तसा वाईट नव्हता. त्यानं पळवाट काढून दिली होती. आजारपणामुळे राहिला असं मंगळवारपर्यंत लेखी कळवा, मी मंजुरीची शिफारस करतो. नाहीतर बाहेरचा प्रशासक येईल.

या सगळ्यात ओटीलीचं डोकं उठायचं कारण असं की, तो होख खरोखरच आजारपणामुळे राहिला होता.

मेजवानी संपल्यावर कोट घेताना गॉटहोल्डनं तिला स्वतः सांगितलं होतं, हातानं गाल दाबून धरून. "डावीकडची शेवटची दाढ, ओटीली. दुसऱ्या होखला तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिसऱ्यांदा उघडलं असतं तर राजाच्या वाढदिवशी सगळ्यांसमोर रडलो असतो मी." चार दिवसांनी शेजारच्या गावी जाऊन त्यानं ती दाढ उपटून घेतली. खरं तर विषय तिथंच संपायचा. पण मेजवानीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चाळीसएक कारागीर खिडकीखाली येऊन टोप्या उडवत दोन होख म्हणून गेले, आणि नवरा खिडकीत जाऊन उभा राहिला. घोळ झाला तो तिथं. पहिल्या आठवड्यात तो कुणी विचारलं तर नुसता हसायचा. दुसऱ्या आठवड्यात म्हणायला लागला, "कधी कधी न बोलणं हेही बोलणंच असतं." तिसऱ्या आठवड्यात त्याचा स्वतःचाच या गोष्टीवर विश्वास बसला. वन्संनी कात्रणं चिकटवायला वही विकत आणली.

ओटीलीनं महिनाभर जिभेवर दगड ठेवला होता. नवऱ्याला मोठेपणा मिळतोय तर मिळू दे, असं तिला आधी वाटलं. सत्य त्यानंच स्वतःच्या तोंडानं सांगावं, असं नंतर वाटलं. आता शुक्रवारचं पत्र समोर होतं आणि तिला फक्त पाणी दिसत होतं.

बाजारचौकात बिडाचे नळ रचून ठेवलेले होते. डोंगरातल्या झऱ्यापासून गावाच्या वेशीपर्यंत चर खणून झाला होता. सहा वर्षं गॉटहोल्ड त्यासाठी एकेका नगरसेवकाच्या पायऱ्या झिजवत होता. मासेगल्लीतल्या विहिरीचं पाणी पिऊन पटकीच्या वर्षी गावातली एकशे बारा माणसं गेली, आणि त्यांत ओटीलीची सहा वर्षांची लेक लुईझ होती. डॉक्टर लोक अजून हवेमुळे की पाण्यामुळे म्हणून भांडत होते. ओटीलीला भांडायचं नव्हतं. ती विहीर बंद झालेली तिला बघायची होती. प्रशासक आला तर पहिल्यांदा नळाचं काम थांबणार हे गावातलं कुणीही सांगू शकलं असतं.

"तुला काय पाण्याची एवढी काळजी," अडेलहाइड थिओडोरला म्हणत होती. "तुला रेल्वेचा फाटा कारखान्याच्या दारात हवाय. गॉटहोल्ड गेला की तो तुला मिळत नाही, म्हणून ही धडपड."

"हवाच आहे फाटा! लाजू कशाला? माझ्या बिटाच्या गाड्या चिखलात रुततात, तुमची कात्रणं नाही रुतत."

"थिओडोर," गॉटहोल्ड शांतपणे म्हणाला, "ज्या माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्यांना मी काय सांगू? की मला बरं नव्हतं?"

हे तो म्हणाला तेव्हा ओटीलीनं त्याच्याकडे टक लावून बघितलं. त्यानं नजर चुकवली नाही. त्याला खरंच आठवत नव्हतं की काय?

तेवढ्यात एबरहार्ड आला. धुळीनं भरलेला, दोन्ही गाल लाल, हातात आईसाठी फुलं. त्यानं आईचं चुंबन घेतलं, आत्याचं घेतलं, मामाचा हात हलवला आणि शेवटी बापासमोर जाऊन ताठ उभा राहिला. चोवीस वर्षांचा हा मुलगा प्रांताच्या न्यायालयात उमेदवारी करत होता. आणखी एक परीक्षा झाली की न्यायाधीश.

"बाबा, मला बातमी द्यायची आहे. आज देऊ की नको असं गाडीत वाटत होतं, पण आजच देतो. मी मोकळा झालो."

"कशातून?" ओटीलीनं विचारलं.

"नोकरीतून. गुरुवारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, वडिलांच्या वागण्याचा तुम्हाला खेद आहे एवढं लिहून द्या, तुमच्या पुढल्या वाटेला अडथळा नको. मी म्हटलं, माझ्या वडिलांना तीनपर्यंत मोजता येतं. ते दोनवर थांबले ते ठरवून थांबले, आणि मला त्याचा अभिमान आहे." तो हसला. "संध्याकाळपर्यंत यादीतून नाव उडालं होतं."

अडेलहाइडनं टाळ्या वाजवल्या. अक्षरशः वाजवल्या. "क्रेचमारांचं रक्त!" ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

"क्रेचमारांचं डोकं म्हणा," थिओडोर पुटपुटला. "अरे, पाच वर्षांचा अभ्यास, पोरा!"

"मामा, बाबांनी बारा वर्षं पणाला लावली. माझी पाच."

गॉटहोल्ड उठला. त्यानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात तिथंच राहिला, जणू काढायचा कसा हे त्याला सुचत नव्हतं. त्याचा चेहरा मेणासारखा झाला होता. ओटीलीनं ते बघितलं आणि तिला कळलं की त्याला आठवतंय. सगळं आठवतंय.

"झालं तर मग," अडेलहाइड म्हणाली. "आता सहीचा प्रश्नच मिटला. मुलानं एवढं केल्यावर बाप माघार घेणार?"

"भावोजी, उलट आता तर सही कराच. घरात एक तरी पगार नको का?"

"मामा, त्यांनी सही केली तर मी काय केलं मग?"

"मूर्खपणा!"

"थांबा," ओटीली म्हणाली. कुणी थांबलं नाही. आत्या पूर्वजांवर घसरली होती, मामा बिटाच्या गाड्यांवर. "थांबा म्हणते ना!" तिनं डोक्यावरचं कडं ओढून काढलं, त्याबरोबर चार केस आले, आणि ते तिनं टेबलावर आपटलं. "त्याची दाढ दुखत होती."

अडेलहाइड पूर्वजांना अर्ध्यात सोडून तिच्याकडे वळली.

"कुणाची?" एबरहार्डनं विचारलं.

"तुझ्या बापाची. मेजवानीच्या दिवशी. डावीकडची शेवटची. दुसऱ्या होखला कळ आली म्हणून तो खाली बसला. घटना नाही, सरकार नाही, काही नाही. दाढ. महिनाभर गप्प बसले, चुकलं माझं. आता बोलते."

पहिल्यांदा थिओडोरनं मांडीवर थाप मारली. "वा, ताई! 'प्रकृती ठीक नव्हती'पेक्षा हे कितीतरी बरं! दाढ म्हटलं की कुणी शंकाच घेत नाही. मला कसं सुचलं नाही?"

"अरे, सुचलं नाही, झालं होतं!"

"असंच म्हणायचं. अगदी असंच, याच आवाजात."

अडेलहाइडनं वही छातीशी धरली होती. "ओटीली, पंचवीस वर्षं मी तुला समजून घेतलं. तुझ्या माहेरी सगळं तागडीत तोलतात हेही समजून घेतलं. पण नवऱ्याचं एकच मोठं काम, तेही तू दातदुखीवर नेऊन ठेवतेस? आजच्या दिवशी?"

"वन्सं, मी ठेवत नाही, ती दाढ तिथंच होती!"

"आई," एबरहार्ड हळू आवाजात म्हणाला, आणि ते तिला सगळ्यांत जास्त लागलं. "मला कळतंय तू का म्हणतेस ते. पाण्यासाठी. लुईझसाठी. पण त्यासाठी खोटं बोलू नकोस. तुला शोभत नाही."

ओटीलीनं आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं होतं. बर्लिनहून चार चार महिने न येणारा नवरा, स्वयंपाकघरात येऊन मीठ चाखणारी नणंद, 'नगराध्यक्षीणबाई' म्हणून हाक मारून पाठ वळताच हसणाऱ्या बायका. पण खरं बोलल्याबद्दल स्वतःच्या मुलानं दयेनं बघावं, हे तिला सोसवेना. तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो ताटलीतले केकचे कण बोटानं एका बाजूला ढकलत होता.

"बोल," ती म्हणाली. "नगराध्यक्षसाहेब, बोला काहीतरी. विधिमंडळात तास तास बोलता."

कण सगळे एका बाजूला जमले. मग त्यानं ते परत पसरले.

"होती," तो म्हणाला.

"काय होती?" अडेलहाइडनं विचारलं.

"दाढ. ती खरं सांगतेय." त्यानं तोंड उघडून बोटानं गाल ओढून दाखवला, बाजारात एखाद्या घोड्याचा दाखवावा तसा, आणि तिथं खरोखरच खड्डा होता. "सकाळी ती पोरं खिडकीखाली आली. मला वाटलं, आज राहू दे, उद्या सांगू. मग उद्याही तेच वाटलं. लोक इतकं प्रेम करत होते, अडेलहाइड. तुला नाही कळायचं. लष्कराच्या खर्चाविरुद्ध मी मत दिलं, तीन रात्री भाषण लिहिलं, तेव्हा एक कुत्रं भुंकलं नाही."

एबरहार्ड खुर्चीत बसला. "मी साहेबांसमोर उभा राहून सांगितलं," तो म्हणाला. "तीनपर्यंत मोजता येतं म्हणालो. कारकून ऐकत होते."

"तू जे केलंस ते खरं होतं, पोरा. माझं खोटं निघालं तरी तुझं..."

"नको. ते तुमच्याकडून नकोय मला."

अडेलहाइड उठून आपल्या खोलीत गेली. वही टेबलावरच राहिली. गॉटहोल्डनं थिओडोरचा कागद उलटा केला, दौत ओढून घेतली आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. लिहून झाल्यावर थिओडोरनं खांद्यावरून वाकून वाचलं आणि दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले.

"अरे देवा! ताई, हे बघ काय लिहिलंय!"

ओटीलीनं वाचलं. पहिली ओळ सरळ होती. बावीस मार्चला माझी दाढ दुखत होती, त्यामुळे तिसरा होख राहिला. त्याखाली लिहिलं होतं: ती दाढ आता काढली आहे, तेव्हा पुढल्या वर्षी किती वेळा म्हणायचं ते मी पूर्ण शुद्धीत ठरवीन.

"हे दुसरं वाक्य कशाला?"

"पहिल्यानं माझी अब्रू गेली. दुसऱ्यानं थोडीशी राहील."

"दुसऱ्यानं पाणी जाईल."

"ओटीली, मी कायमचा हास्यास्पद होणार आहे. गल्लीतली पोरं गाल धरून माझ्या मागे येतील. निदान एवढं तरी..."

"पुढल्या वर्षी त्या सभागृहात उभा राहा आणि काय म्हणायचं ते म्हण," ती म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि पंचवीस वर्षांत त्या आवाजाला गॉटहोल्ड जास्त घाबरायला शिकला होता. "एकदा म्हण. एकदाही म्हणू नकोस. मी शेजारी बसेन आणि तुला घालवलं तर सामान बांधीन, तोंडातून शब्द काढणार नाही. पण ते सगळ्यांसमोर, तोंडानं म्हण. पत्राच्या शेपटीला बांधून नको. तोवर नळ मासेगल्लीपर्यंत आलेला असेल."

"आणि या वर्षी मी कोण?"

"दाढ दुखलेला माणूस. अशी पुष्कळ असतात."

गॉटहोल्डनं एबरहार्डकडे बघितलं. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. मग गॉटहोल्डनं नवा कागद घेतला, एकच ओळ लिहिली, सही केली आणि ओली शाई टिपायला वाळूही न टाकता कागद बायकोकडे सरकवला.

"मी नेतो पत्र," थिओडोर लगेच म्हणाला.

"तू नाही," ओटीली म्हणाली. "आज या घरातल्या कुणाच्याही हातात मी ते देणार नाही."

एबरहार्ड सहाच्या गाडीनं परत निघाला. थांब असं म्हणायचा तिचा धीर झाला नाही. डाकगाडी टपालकचेरीसमोरूनच सुटायची, म्हणून दोघं बरोबरच चालत गेली. चौकातल्या बिडाच्या नळांवर मुलं घोडा घोडा खेळत होती. टोपी विकणाऱ्या म्हाताऱ्यानं तिला बघून दोन बोटं वर करून दाखवली आणि डोळा मिचकावला. तिनं मान हलवली आणि पत्र असलेला हात शालीखाली घेतला. उद्या परवा हाच म्हातारा गाल धरून दाखवणार होता.

टपालपेटीपाशी ती उभी राहिली. गाडीवान घोडे जोडत होता.

"तू गप्प बसली असतीस तर?" एबरहार्डनं विचारलं.

"तर तुझा बाप जन्मभर माझ्याशी नजर मिळवू शकला नसता. आणि तू त्याच्यासारखं बनायचं म्हणून जन्मभर झिजला असतास. आणि ती विहीर तशीच राहिली असती. माहीत नाही रे. राग आला म्हणून बोलले."

तो बुटाच्या टोकानं दगडांमधली माती उकरत होता. आता उंच होता, दाढी होती, पण हे तो लहानपणीही असंच करायचा.

"लुईझ आजारी पडली त्या दिवशी," तो म्हणाला, "पाणी मी आणलं होतं. तू मला टेकडीवरच्या पंपाकडे पाठवलं होतंस. खूप ऊन होतं. मी मासेगल्लीतून बादली भरून आणली आणि टेकडीवरून आणली म्हणून सांगितलं."

ओटीलीला क्षणभर काही ऐकू येईना. घोड्यांचे नाल, गाडीवानाची हाक, सगळं लांब गेलं. हे त्यानं तेरा वर्षं पोटात ठेवलं होतं. जेवताना, शाळेत जाताना, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपताना.

"सगळं गाव तेच पाणी पीत होतं," ती म्हणाली. "आम्हीही पीत होतो. तू अकरा वर्षांचा होतास." मग तिनं हेच पुन्हा म्हटलं. "अकरा वर्षांचा होतास, एबरहार्ड."

त्यानं शालीखालून तिचा हात बाहेर काढला, पत्र घेतलं, पत्ता वाचला आणि पेटीत टाकलं. आत ते पडल्याचा आवाज आला. मग तो गाडीत चढला आणि खिडकीतून वाकला.

"बाबांना सांग, माझा राग गेलेला नाही."

"माझाही नाही," ओटीली म्हणाली, आणि गाडी हलली तरी तिनं त्याचा हात सोडला नाही, चार पावलं गाडीबरोबर चालत गेली.